आपलं न्हाई ते



वारी म्हणजे येरझार. जायचे, डोळे भरून बघायचे आणि आपल्या वाटेने परतायचे. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांनी आपले वर्ष बांधलेले आहे. पण आपल्या नीरा-भीमेच्या मुलखात आणखी एक वारकरी दरसाल येतो, त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो कार्तिकाच्या सुमारास हिमालयापलीकडून निघतो, हिवाळा आपल्याकडे काढतो आणि चैत्री यायच्या आत परतीला लागतो.

हा म्हणजे रानहंस. पुस्तकात त्याला पट्टकदंब म्हणतात, कुणी पट्टेरी हंस म्हणतात. अंग राखाडी, चोच आणि पाय नारिंगी-पिवळे, डोके पांढरे. आणि त्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या रेघा. बुक्क्यात दोन बोटे बुडवून कुणी ओढाव्यात तशा. त्याचे गाव तिबेट, लडाख, मंगोलियातल्या उंच सरोवरांच्या काठी. मानस सरोवराचा हंस आपण कीर्तनात ऐकतो, त्याच मुलखातला हा पाहुणा. भीमेवर उजनीचे धरण झाल्यापासून इंदापूर तालुक्यात भिगवण, कुंभारगावच्या पाण्यावर त्याचे थवे लोक मुद्दाम बघायला येतात. पण धरणाच्या आधीही तो येत होता. दिवसा नदीच्या वाळूत बसायचा आणि रात्री काठच्या हरभऱ्यात चरायचा.

माउली, आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते सेवेविषयी. सेवा करावी हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. सेवा करून झाल्यावर हात मागे घ्यायचा असतो, हे मात्र शिकावे लागते. माझ्या आईने ते आम्हाला एका पाखराच्या निमित्ताने शिकवले. तेवढीच गोष्ट सांगतो.

साल १९७२. ज्यांनी ते साल पाहिले त्यांना वेगळे काही सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाही त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. आमचे गाव कोऱ्हाळे बुद्रुक. दक्षिणेला नीरा, नदीपलीकडे फलटण तालुका. भाटघरच्या पाण्यावरचा नीरा डावा कालवा आमच्या भागातून जातो. कालव्याच्या खाली बागाईत, वर जिरायत. आमचा जमिनीचा तुकडा वरच्या अंगाला. त्या साली पावसाने पाठ फिरवली. बागाईतदारांचीही पाण्याची पाळी लांबली, मग वरच्यांचे काय विचारता! आई आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात सरकारी मिलोची लाल भाकरी, कामावर मिळायची ती सुकडी. मी तेव्हा अकरा वर्षांचा, धाकटी बहीण सात वर्षांची.

आमचे दादा माळकरी. त्यांची माघी कधी चुकली नाही. मार्गशीर्षात एका पहाटे ते नदीवर गेले, ते परत आले तेव्हा धोतराच्या सोग्यात काहीतरी गुंडाळलेले होते. नदीला त्या वर्षी धार नव्हती, डोह तेवढे उरले होते, आणि सगळी पाखरे त्या डोहांवर एकवटली होती. तिथे आदल्या संध्याकाळी बंदुकीचे बार ऐकू आले होते. हा एक लव्हाळ्यात दडून बसलेला सापडला. डाव्या पंखात छर्रा घुसून आरपार गेला होता, आणि पंख जमिनीला घासत होता.

गावात मेंढरे घेऊन आलेल्या एका धनगराला दादांनी बोलावले. मेंढराचा मोडलेला पाय बांधण्यात त्या लोकांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी बोटांनी चाचपून सांगितले, दोन हाडांपैकी एकच दुखावले आहे, दुसरे शाबूत आहे, तेच त्याला आधार देईल. जखम कोमट पाण्याने धुतली, हळद भरली. मग पंख मिटवून तो अंगालाच बांधून टाकला, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने, इतका घट्ट की हलू नये आणि इतका सैल की श्वास अडू नये. "तीन आठवडे सोडू नका," म्हणाले, "आणि सारखं बघायला जाऊ नका. रानाचं जनावर दुखण्यानं मरत नाही तेवढं भ्यानं मरतं."

हे वाक्य आजही लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपण एखाद्याची सेवा करतो तेव्हा आपल्याला वाटते, त्याने आपल्याकडे बघावे, आपला हात ओळखावा. पण त्याला कधी कधी आपला हात नको असतो, अंधार आणि शांतता हवी असते. शेजाऱ्यांकडून कोंबड्या झाकायचे डालगे आणले, त्यावर पोते टाकले आणि गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवले. दोन दिवस त्याने चोचही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी परातीतले पाणी कमी झालेले दिसले, तेव्हा आईने देवाला साखर ठेवावी तशी गुळाची कणी ठेवली. साखर कुठली असायला!

खाण्याचा प्रश्न मोठा होता. घरातला दाणा मोजून शिजत होता. दादांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "पोरांच्या ताटातला दाणा त्याला द्यायचा नाही. त्याला गवत लागतं. गवत आणणं आपल्या हातात आहे." हंस हा मुळात चरणारा पक्षी. पण त्या साली गवत तरी कुठे होते? कालव्याच्या भरावाला जिथे पाझर होता तिथे हरळी आणि लव्हाळा जिवंत होता. शाळेच्या आधी आम्ही दोघे भावंडे तिथे जाऊन मूठ-मूठ कोवळी हरळी खुडून आणायचो. पाऊण तास खुडावे तेव्हा एक ओंजळ व्हायची. माउली, दान देणे सोपे असते, उचलून दिले की झाले. कष्ट रोज नव्याने करावे लागतात. दादांनी आम्हाला दाण्यापेक्षा महाग गोष्ट द्यायला लावली, हे पुढे कळले.

बहिणीने त्याचे नाव ठेवायचा हट्ट धरला. दादा म्हणाले, "नाव ठेवलं की ते आपलं होतं. त्याला पाव्हणा म्हण." मग तो आमच्या घरात पाव्हणाच झाला.

संक्रांत झाल्यावर पट्टी सोडली. जखम भरली होती, हाड जुळले होते, पण पंख उघडेना. इतके दिवस बांधलेले अंग आखडते, हे प्लॅस्टर काढलेल्या माणसाला विचारा. मग रोज संध्याकाळी अंगणाचे फाटक लावून आम्ही त्याला मोकळा सोडायचो आणि मागून हळूहळू पळायचो. पळताना तोल सांभाळायला त्याला पंख पसरावे लागत. आधी अर्धा उघडला, मग पाऊण. माघ लागेपर्यंत दोन्ही पंख सारखे पसरू लागले. अंगही भरले. चांगले दोन-अडीच किलोचे पाखरू झाले होते.

माघीच्या वारीला दादा दिंडीबरोबर निघून गेले. आणि खरी परीक्षा त्याच आठवड्यात आली.

शेजाऱ्यांची बायको बाळंत झाली होती. दुष्काळातले बाळंतपण. अंगावर दूध नाही, बाळ रडून रडून थकायचे. कुणा जाणत्या बाईने सांगितले, चार दिवस मटणाचा रस्सा पोटात गेला तर उभी राहील. मटण आणायचे कशाने? एका संध्याकाळी शेजारी आमच्या दारात येऊन उभे राहिले. हे तेच, ज्यांचे डालगे आम्ही आणले होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "वहिनी, तोंड उघडायची लाज वाटती. पर ते पाखरू दिलं असतं तर..."

माउली, इथे थोडे थांबा. तुम्ही त्या दारात उभे असता तर काय म्हणाला असता? एकीकडे आकाशातले एक पाखरू, दुसरीकडे ओली बाळंतीण आणि तान्हे लेकरू. गळ्यात माळ आहे म्हणून नाही म्हणणे सोपे आहे. पण शेजारी माळकरी नव्हते, आणि त्यांच्या मागण्यात पापही नव्हते. भुकेपुढे आपला नेम मिरवायचा नसतो, हेही आपल्या संतांनीच शिकवले आहे. नाथांनी काशीहून आणलेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, तेव्हा त्यांनी रामेश्वराचा नेम पुढे केला नाही.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भावजी, पाखरू आमचं असतं तर इचार केला असता. ते वाटसरू हाय, वाटंत पडलं म्हणून आपल्याकडं हाय. आपलं न्हाई ते द्यावं कसं? आपलं हाय ते न्या."

आणि ती आत गेली. आमच्याकडे एक शेळी होती. त्या साली ती पेलाभर दूध द्यायची, तेवढेच आमच्या घरातले दूध. आईने तो पेला भरून शेजाऱ्यांच्या हातात दिला आणि सांगितले, "उद्यापासनं सकाळचं दूध तुमच्याकडं. बाळाची आई उभी राहीस्तवर." दुसऱ्या दिवसापासून आम्हाला कोरा चहा. बहीण कुरकुरली, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "आपलं व्हतं, म्हणून देता आलं."

दादा वारीहून आले. बुक्का, लाह्या, चुरमुऱ्यांचा प्रसाद आणला. आईने घडलेले सांगितले. ते काही बोलले नाहीत. प्रसादाची पुडी घेऊन आधी शेजाऱ्यांच्या घरी गेले, बाळाच्या कपाळाला बुक्का लावला आणि मग आमच्या घरात जेवायला बसले.

फाल्गुनात नदीवरच्या थव्यांची हालचाल वाढली. एका चावडीवरच्या मंडळाने सल्ला दिला, "आता कशाला सोडताय? एका बाजूची पिसं छाटा, ऱ्हाईल कोंबड्यांत. पोरांनाबी लळा लागलाय." लळा लागला होता हे खरे. बहीण तर त्याच्याशी दिवसभर बोलायची. ती आईच्या पदराला धरून रडू लागली. आईने तिला जवळ घेतले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली, फक्त एक शब्द बदलून: "आपलं न्हाई ते ठेवावं कसं?"

द्यावं कसं आणि ठेवावं कसं. माउली, मी पुष्कळ कीर्तने ऐकली, पण 'मी' आणि 'माझे' यांचा उलगडा इतक्या थोडक्यात कुठे ऐकला नाही. जे आपले नाही ते दुसऱ्याला देऊन पुण्य मिळवता येत नाही, आणि स्वतःजवळ ठेवून सुखही मिळवता येत नाही. मधल्या काळातली सेवा तेवढी आपली.

होळी झाल्यावर त्याला नदीवर न्यायचे ठरले. डालगे डोक्यावर घेऊन कोण आले म्हणता? शेजारीच आले. "डालगं माझंच हाय," म्हणाले, "मीच नेतो." वाळूत डालगे उचलले. पहिल्या दिवशी तो चार पावले गेला आणि आमच्याकडे वळला, म्हणून पुन्हा घरी आणला. दुसऱ्या दिवशी डोहाच्या काठापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी पलीकडचा थवा ओरडला, याने मान उंच करून उत्तर दिले, वाळूत पळत पळत पंख मारले आणि पाण्यावरून खालूनच उडत थव्यात जाऊन उतरला. त्यानंतर आठ दिवस आम्ही रोज सांजेला काठावर जायचो. पहिले दोन-तीन दिवस ओळखू आला. डावा पंख किंचित खाली असायचा. मग तेही दिसेनासे झाले. सगळ्यांच्या डोक्याला तसाच बुक्का. एका दिवशी अंधार पडताना सगळा थवा उठला, उत्तरेकडे वळला आणि दुसऱ्या दिवशी डोह रिकामा होता. त्यात आमचा कोणता, हे कुणालाच सांगता आले नसते. आईने गेलेल्या सगळ्या थव्याला हात जोडले होते.

तो पोहोचला का? माहीत नाही. कळायला काही मार्गच नव्हता. कष्टाची पोचपावती आली नाही, आणि ती मागावी असे घरात कुणाच्या मनात आले नाही.

तो कुठल्या वाटेने गेला असेल, हे मात्र मला फार वर्षांनी वाचायला मिळाले. शास्त्रज्ञांनी या हंसांच्या पाठीवर लहानशी यंत्रे बसवून त्यांचा मार्ग शोधला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की भारताकडून हिमालय चढायला त्यांना साधारण सात-आठ तास पुरतात, आणि ते वाऱ्याच्या पाठबळाची वाट न बघता बहुधा रात्री आणि पहाटे उडतात. नोंदलेली सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे चार कळसूबाई एकावर एक ठेवून त्याच्याही वर. तिथे हवा इतकी विरळ की माणूस चार पावलांत धापा टाकतो. या पाखराच्या रक्ताला विरळ हवेतलाही प्राणवायू धरून ठेवता येतो, पंख मोठे, फुप्फुसे मोठी. देवाने ज्याला जी वारी नेमून दिली, तिची शिदोरीही अंगातच बांधून दिली.

आणखी एक गोष्ट २०१५ च्या संशोधनात निघाली, ती मला फार आवडली. हा हंस एकदा उंची गाठली की तिथेच राहत नाही. डोंगर आला की चढतो, दरी आली की खाली उतरतो, पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतो. आपल्याला वाटेल, ही दुप्पट मेहनत झाली. पण वरच्या विरळ हवेत पंख मारणे इतके जड जाते, की उतरून पुन्हा चढणेच त्याला कमी कष्टाचे पडते. मिळवलेली उंचीसुद्धा तो आपली म्हणून धरून ठेवत नाही. धरून ठेवली असती तर थकला असता.

आता हे आपल्या जगण्याशी जोडून बघा. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून आमच्या गावावरून पंढरीला जाते. वाटेत एखादा म्हातारा वारकरी तापाने पडतो. गावातले घर त्याला उचलून आत घेते, पेज पाजते, पाय चेपते. दोन दिवसांनी तो उठून बसला की कुणी म्हणते का, "बाबा, आता इथेच राहा, आम्ही तुमची एवढी सेवा केली"? उलट घरचा मुलगा त्याला गाडीवर बसवून पुढच्या मुक्कामाला त्याच्या दिंडीत पोहोचवून येतो. त्याची दिंडी सापडली, त्याची वीणा त्याच्या कानावर आली, की आपली सेवा पुरी झाली. मग घरातल्या नात्यांतच आपण हे का विसरतो? लेकराला वाढवतो आणि ते आपल्या वाटेने निघाले की हिशेब मांडतो. आजाऱ्याची सेवा करतो आणि तो बरा झाल्यावर त्याने आपले ऐकावे म्हणतो. नाथांच्या गाढवाची कथा आपण शंभरदा ऐकली, पण पाणी पिऊन उठल्यावर ते गाढव कुठे गेले, हे आपण कधी विचारले नाही. ते आपल्या वाटेने गेले. नाथांनी त्याला दावे लावले नाही.

जाता जाता एक कामाचे सांगतो, कारण आपली मंडळी नदीकाठाने, शेतातून चालणारी. आजही विजेच्या तारेला धडकून, मासेमारीच्या जाळ्यात अडकून, नायलॉनच्या मांज्याने कापून पाखरे पडतात. आमच्या वेळी गावात विचारायला कुणी नव्हते, धनगराचा हात होता म्हणून निभावले. आता तसे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले पाखरू घरात पाळता येत नाही. आई जे म्हणाली तेच कायदा म्हणतो, ते आपले नाही. म्हणून असे पाखरू दिसले तर त्याच्यावर अलगद कापड टाका, हवेला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, गर्दी करू देऊ नका, चोच उघडून पाणी किंवा दूध ओतू नका, हात साबणाने धुवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. ते येईपर्यंत खोक्याजवळ बसून मनात नाम घ्या. तेवढा वेळ ते तुमच्याकडे आले आहे, आणि तेवढीच सेवा तुमच्या वाट्याची आहे.

मग ज्याचे त्याच्या हाती द्यावे आणि आपल्या वाटेला लागावे.

रामकृष्ण हरी.